पाव इंचाचा सांधा

बेळगावकराला घाट उतरून कोकणात किंवा गोव्यात जायचे तर वाटा अनेक आहेत. अनमोड आणि चोर्ले गोव्याकडे नेतात, आंबोली सावंतवाडीकडे. त्यांत आंबोलीच्या वाटेवर आमचा जीव थोडा अधिक आहे. शिनोळीपाशी राज्याची सीमा ओलांडली तरी मुलूख बदलल्यासारखा वाटत नाही. आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी तर उलट दिशेने वाहत आमच्याच जिल्ह्यात येते, संकेश्वरावरून पुढे जाते आणि घटप्रभेला मिळते. माणसांनी सीमा आखल्या, नदीने त्या मनावर घेतल्या नाहीत. असो. मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही उभयता या वाटेने निघालो, तेव्हा जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक पेटी आमच्या मांडीवर होती.

पेटी आमच्या मातोश्रींची. शिसवी दर्शनाची, आत तीन लहान खण असलेली. पाटल्या, नथ, वाक्या असे डाग तिच्यात राहात. बहुतेक डाग मुलींच्या लग्नांत गेले, पेटी मात्र राहिली. मधल्या खणाचा कोपरा उघडला होता. धाकट्या कन्येचे लग्न वैशाखात ठरले असल्याने पेटी तिला द्यावी, पण मोडकी देऊ नये, असे आमच्या घरात ठरले. बेळगावात दोघा-तिघांना दाखवली. प्रत्येकाने दोन खिळे मारून देण्याची तयारी दाखवली. त्याला आमची तयारी नव्हती.

सावंतवाडीस जाणारा प्रवासी प्रथम मोती तलावाच्या काठी रेंगाळतो आणि मग चितारआळीत शिरतो. आम्हीही शिरलो. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची केळी, सीताफळे, मिरच्या अशा मांडल्या होत्या की मंडईत आल्याचा भास व्हावा. आमच्या जिल्ह्यातल्या गोकाकची लाकडी फळेही प्रसिद्ध आहेत, त्यामुळे कोणाची सरस यावर आमच्या सौभाग्यवतींशी थोडा वाद झाला. गंजिफाही पाहिल्या. दशावतारी गंजिफांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, सगळे मिळून १२० गोल पत्ते आणि ते ठेवायला सरकत्या झाकणाची रंगवलेली पेटी. गिऱ्हाईक पत्त्यांवरचे मत्स्य-कूर्म न्याहाळते. आमची दृष्टी त्या दिवशी पेटीच्या कोपऱ्यांवर होती.

ज्यांच्याकडे जायचे होते ते वृद्ध सुतार रंगाच्या दुकानांत नव्हते. त्यांची पडवी गावाबाहेर, माडांच्या आड. जमिनीवर पोत्याची बैठक, भिंतीला करवती, कोपऱ्यात ढलप्यांचा ढीग. त्यांनी मधला खण हाती घेतला, कोपरा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "गुरुजी, हे खिळे कोणी मारले?" आमच्या वडिलांच्या काळी कुणा कारागिराने ते मारले होते. बारीक खिळ्याला आपल्या भाषेत 'चूक' म्हणतात. मराठीच्या शिक्षकाला या शब्दाचे कौतुक त्या दिवशी प्रथमच वाटले.

मूळ सांधा खिळ्याचा नव्हता. सुतार त्याला सरळ डव्हटेल म्हणतात. फळीच्या टोकाशी कबुतराच्या पसरलेल्या शेपटीसारखे, बाहेर रुंद आणि आत अरुंद असे दात कापायचे आणि दुसऱ्या फळीत तेवढ्याच आकाराच्या खाचा पाडून ते त्यांत बसवायचे. खण ओढताना जोर येतो तो दर्शनी फळीवर. शेपट्या बाजूच्या फळ्यांना कापलेल्या असतात, म्हणून पुढे कितीही ओढा, रुंद टोक अरुंद वाटेने बाहेर येत नाही. पुढून पाहिले तर सांधा दिसतही नाही, बाजूने पाहावे तेव्हा नक्षीसारखा उमटतो.

खिळा का नको, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले, "लाकूड फुगता, खिळो फुगणा नाय." कोकणातल्या पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, लांबीत मात्र फारशी बदलत नाही. डव्हटेलमधल्या दोन्ही फळ्यांचे तंतू कोपऱ्याभोवती एकाच रीतीने वळतात, त्यामुळे दोन्ही बरोबरीने फुगतात नि आकसतात. लोखंड मध्येच अडून बसते, गंजते आणि शेवटी फळी चिरते. आमच्या खणाचे हेच झाले होते.

मोठ्या पेटाऱ्याचा असा सांधा पुष्कळ सुतार करतात. लहान आकारात मात्र सगळेच हिशेब बदलतात. आमच्या खणाची उंची सव्वा इंच, बाजूच्या फळीची जाडी पाव इंचाहूनही कमी, आणि तेवढ्यात तीन शेपट्या. त्यांच्यामधला दात अरुंद टोकाशी जेमतेम दोन मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर भरते, म्हणजे दाताचा चौथा हिस्सा रेघेतच गेला! म्हणून ते धारदार सुरीने आखतात. सुरीची रेघ नुसती दिसत नाही, तर पटाशीचे टोक तिच्यात टेकून उभे राहते.

हत्यारेही बाजारची नव्हती. लोखंड कापायच्या करवतीचे, इंचाला ३२ दात असलेले तुटके पाते त्यांनी पितळेच्या पट्टीत बसवले होते. असे पाते नवे असते तेव्हा त्याचे दात दोन्ही अंगांना नागमोडी झुकलेले असतात आणि काप रुंद पडतो. तो झुकाव त्यांनी तेलाच्या दगडावर दोन्ही बाजूंनी घासून कमी केला होता. दातांमधला गाळा काढायची पटाशी जुन्या बारीक कानशीची. घासताना ती तापू द्यायची नाही, वारंवार पाण्यात बुडवायची, नाहीतर पोलादाचे पाणी उतरते. फळी पायाच्या अंगठ्याने दाबून धरली, रेघ शिल्लक ठेवून टाकाऊ बाजूने कापले आणि मग केसाएवढे तासत रेघेपर्यंत आले. सांधा पुन्हा पुन्हा घालून पाहायचा नाही, असा त्यांचा दंडक. प्रत्येक वेळी कडा झिजतात आणि चौथ्या खेपेस घट्ट सांधा सैल होतो.

आमच्या खणाला नवा सांधा नको होता, जुना वाचवायचा होता. सरसाने जोडलेले लाकूड ऊन पाण्याच्या फडक्याने मऊ करून सोडवता येते, म्हणूनच जुन्या वस्तू दुरुस्त होऊ शकतात. त्यांनी खिळे उपटले, कोपरा शेकला आणि फळ्या अलगद वेगळ्या केल्या. शिसवी फळीतला एक दात खिळ्याने फुटला होता. तो मुळाशी साफ करून तिथे जुन्या खुर्चीच्या पायातला शिसवीचा तुकडा चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी तो वाळल्यावर नवा दात कापला. अख्खी सकाळ त्यात गेली. सरसाचा डबा पाण्याच्या डब्यात ठेवून मंद आचेवर होता. थेट जाळावर सरस करपतो. नवा तुकडा किंचित फिकट दिसत होता. रंग लावू का, असे त्यांनी विचारले. आमच्या सौभाग्यवतींनी नको म्हटले. मुलीला दिसू दे, त्यांचे म्हणणे.

खण सरकवून पाहिला तर तो सैल वाटला. आम्ही शंका काढली. "आषाढात बघा," एवढेच उत्तर मिळाले. पोस्टकार्डाएवढी फट त्यांनी पावसासाठी राखली होती.

त्यांचे चिरंजीव गोव्यात प्लायवूडची कपाटे बसवतात, स्क्रू आणि यंत्राने, आणि महिन्याला बापाहून पुष्कळ अधिक मिळवतात. त्यात वाईट काय आहे? आमच्या शाळेतही एके काळी सुतारकामाचा तास होता. शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आज त्या खोलीत संगणक आहेत. मुले तिथे आनंदाने बसतात.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची नात, नववीतली, हेदूच्या पिवळसर तुकड्यांवर तोच सांधा कापीत बसली होती. सागाचे तंतू जाडसर, बारीक कामात कडा ढासळतात, हेदू एकसारखा, म्हणून शिकणाऱ्याला तो. तिने कोपरा जुळवून आजोबांच्या हाती दिला. त्यांनी तो आभाळाकडे धरला. "उजेड दिसता गो," म्हणाले, आणि तुकडे सरसाच्या डब्याखालच्या विस्तवात सारले. मुलीने ढिगातून दुसरी फळी उचलली आणि सुरीने आखायला घेतली.