कोऱ्या पत्राचा मायना

प्रवरेकाठच्या नेवाशात ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला असे परंपरा मानते, त्या 'पैस'च्या खांबापुढे उभे राहणाऱ्याच्या मनात एक हिशेब हमखास सुरू होतो. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा ग्रंथसमाप्तीचा काळ. परंपरेने सांगितलेले वय धरले, तर कवी तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. सहा वर्षांनी आळंदीची समाधी. इतक्या आखूड आयुष्यासमोर त्याच परंपरेने चौदाशे वर्षांचा चांगदेव उभा केला आहे. मृत्यूची वेळ आली की प्राण मस्तकी चढवून तिला हुकवणाऱ्या या योग्याची समाधी याच जिल्ह्यात, गोदाकाठच्या पुणतांब्याला दाखवतात.

दीर्घायुष्याची कल्पना सर्वच वाङ्मयांत आढळते. परंतु मराठी श्रोत्याला परिचित असलेले सात चिरंजीव एकेकटे आहेत. अश्वत्थामा तर समाजातून हद्दपार झालेलाच. अख्खा समाजच दीर्घायुषी असेल तर काय होईल, हा प्रश्न विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अद्भुतकथेने विचारला. जे. आर. आर. टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील एल्फ वार्धक्याने मरत नाहीत. हजारो वर्षांपूर्वीची युद्धे त्यांच्यातला एल्रॉन्ड इतिहास म्हणून नव्हे, तर आठवण म्हणून सांगतो. त्यांच्या तीन अंगठ्यांचे सामर्थ्य जिंकण्यात नसून, आहे ते झिजू न देण्यात आहे.

अशा समाजात वडीलकीचे काय होते, याचे सूक्ष्म निरीक्षण चांगदेवाच्या आख्यायिकेत आले आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसलेला चांगदेव मायन्यापाशीच अडतो. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, तर अधिकार मोठा. 'तीर्थरूप' लिहावे, तर समोर पोर. अखेर तो कोरा कागद धाडतो. चौदाशे वर्षे जगूनही कोराच राहिला, हा मुक्ताबाईचा टोला मराठी कानांना पाठ आहे. हा टोला आध्यात्मिक आहे, तसाच सामाजिकही आहे. जिथे वडील माणसे जागा रिकामी करत नाहीत, तिथे धाकट्याला संबोधण्यासाठीही शब्द उरत नाही.

या कोरेपणाचा आणखी एक अन्वयार्थ लावता येतो. आख्यायिकेचा हिशेब खरा मानला, तर चांगदेवाचा जन्म इसवी सनापूर्वीच्या शंभर वर्षांच्या आसपास, सातवाहनकाळात पडतो. त्याची मातृभाषा मराठी असणे शक्यच नव्हते. ती कुठलीतरी प्राकृत असणार. भाषा बदलते ती प्रामुख्याने आजीची बोली नातवाच्या तोंडी किंचित वेगळी होते म्हणून. आजी कधीच गेली नाही आणि नातू क्वचितच जन्मला, तर प्राकृताची अपभ्रंश आणि अपभ्रंशाची मराठी कशी व्हावी? ज्या भाषेत उत्तर आले, ती भाषाच मरणाधीन पिढ्यांनी घडवलेली होती.

संहितेचेही तेच. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना तिचे शुद्धीकरण करावे लागले. दीर्घायुषी समाजात याची गरज पडली नसती. पाठाविषयी शंका आली की कवीलाच विचारायचे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये घोषित केलेला लेखकाचा मृत्यू तिथे संभवतच नाही. मग भाष्य तरी कशाचे करायचे? लेखक हयात आणि अर्थ त्याच्याच मालकीचा, अशा जगात समीक्षकाला काम उरत नाही.

येथवर आल्यावर मरण हीच साहित्याची जननी, असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. नेवाशाचीच माती तो काढू देत नाही. टॉल्किन यांचे खंड प्रसिद्ध होत होते त्याच सुमारास, १९५४ ते १९५६ या काळात, ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने मिळाली. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण आणि त्यांत मूल. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. ज्यांनी आपले मूल गावाबाहेर न नेता पायाखालच्या जमिनीत ठेवले, त्यांना मर्त्यतेचे वाङ्मयीन फायदे कोणत्या तोंडाने सांगायचे? दीर्घायुष्याची आकांक्षा राजांच्या आणि योग्यांच्या अहंकारातून निपजते तितकीच ती या रांजणांतूनही निपजते.

मुलाच्या नावामागे 'चि.' लिहिण्याची रीत याच भयाची खूण आहे. आपण आधी जाणार आणि याने मागे राहावे, एवढीच त्या अक्षरात मागणी असते. एल्फांच्या भाषेत हा मायना निरर्थक ठरेल, कारण जे मिळालेलेच आहे त्याची इच्छा कोणी करत नाही. चांगदेवाच्या लेखणीतून तो उतरला नाही, याचे कारण केवळ शिष्टाचाराचा पेच नसावे. इतरांना जाताना पाहत एकटाच उरलेल्या माणसाला 'चिरंजीव' हा आशीर्वाद म्हणून लिहिणे जड गेले असावे. त्याच्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. ते ज्याने लिहिले, त्याच्या वाट्याला 'चिरंजीव' या शब्दातले आयुष्य आले नाही.