गोळी अडते कुठं?

पेंटबॉल म्हटलं की पोरं नुसती बंदुकीबद्दल बोलतात. तिच्या डोक्यावरचा प्लॅस्टिकचा डबा, म्हणजे हॉपर, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि ऐन वेळी दगा देतो तो हाच!

गेल्या पावसाळ्यात आमची मेकॅनिकलची टोळी लोणावळ्याजवळ खेळायला गेली होती. पाच मिनिटांत एका पठ्ठ्याची बंदूक नुसतीच 'फट् फट्' करू लागली. हवा सुटतेय, गोळी नाही. गडी झाडाआड बसला आणि आत डोकवायला त्यानं थेट मास्कलाच हात घातला! मी बोंबललो, "मास्क काढू नको रे!" गोळी सेकंदाला ३०० फुटांच्या आसपास वेगानं येते. डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो, राव. हॉपरचं नंतर बघता येतं.

हात वर करून त्याला जाळीबाहेर आणला, नळीवर टोपी चढवली, मग झाकण उघडलं. डबा निम्मा भरलेला, पण मानेत एकही गोळी नाही! गोळी ०.६८ इंचाची, म्हणजे साधारण १७ मि.मी. तीन-चार जणी एकदम तोंडाशी आल्या की एकमेकींना रेटून धरतात. चुन्याशिवाय उभी राहिलेली दगडी कमानच ती. त्यात गोळीचं कवच जिलेटिनचं. दमट हवेत ते फुगतं, मऊ पडतं. एक आतच फुटली होती, तिच्या रंगानं बाकीच्या चिकटलेल्या. फुटकी काढली, डबा कोरड्या फडक्यानं पुसला, फुगलेल्या आणि चपट्या गोळ्या फेकून दिल्या. काम झालं.

आमच्याकडे पेरणीला आई पाभरीच्या चाड्यावर मूठ धरते. बोटांच्या फटीतून बी थोडं थोडं सोडते. ओंजळभर एकदम टाकलं तर नळा चोंदतो, आणि बी ओलं असेल तर विचारूच नका. बॅटरीवरच्या लोडरमधलं पातं दुसरं काय करतं? कमान धरू देत नाही, एवढंच. ते मंद फिरायला लागलं, तर बंदूक खोलत बसण्याआधी बॅटरी बदलून बघा. साध्या हॉपरला मात्र मधूनमधून हिसका द्यावा लागतो आणि घोडा जरा दमानं ओढावा लागतो. नाहीतर गोळी अर्धी उतरलेली असतानाच बोल्ट तिचे दोन तुकडे करतो.

पुन्हा भरताना काठोकाठ भरू नका, पात्याला फिरायला जागा हवी. आणि झाकण लावा बरं का! नाहीतर पळताना गोळ्या मागं सांडत जातात, मग तुम्ही कुठं लपलात ते कुणाला शोधावं लागत नाही.