नुसतं वाजालंय!

मागच्या शनिवारी कोल्हापूरला घरी गेलो. पोचल्या पोचल्या लॅपटॉप उघडला (डेडलाईन, दुसरं काय!), केसरबाई केरकरांचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि कोड लिहायला बसलो. आबा शेजारी बसून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "गाणं ऐकालायस, का नुसतं वाजालंय?"

नुसतं वाजत होतं. गेली कित्येक वर्षं नुसतं वाजतंच आहे.

रात्री जेवताना आई म्हणाली, "आबांना उजव्या कानानं कमी ऐकू येतंय. तीन महिने झाले."

"अगं मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं की. फोनवर, दोनदा. तू हं हं म्हणालास."

झोप येईना. मग उस्ताद अल्लादिया खाँसाहेब आठवले. आमच्या गावात वाढलेल्या माणसाला हे नाव चुकत नाही. शाहू महाराजांच्या पदरी ते दरबार गायक होते, महाराज १९२२ साली गेले त्यानंतर मुंबईला गेले. पण मला आठवली ती त्याच्या आधीची गोष्ट. तरुणपणी राजस्थानात एका दरबारी गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला, आणि परत आला तो पहिल्यासारखा राहिला नव्हता. गवय्याचा आवाज जाणं म्हणजे आपली हार्ड डिस्क उडणं, तीही बॅकअप नसताना. खाँसाहेबांनी काय केलं? जो आवाज उरला होता त्याच्याकडे नीट कान दिला आणि त्याला पेलेल अशी नवी गायकी बांधली. तेच आपलं जयपूर-अत्रौली घराणं. घरातली परंपरा धृपद-धमाराची, पण हे ख्याल गायले.

या गायकीत लिहून ठेवलेलं फार थोडं. बंदिशीच्या दोन-चार ओळी, राग आणि ताल. बाकी सगळं तिथल्या तिथं, आकारात, लयीला गुंफत विणायचं. त्यातून खाँसाहेबांना अनवट आणि जोडरागांची आवड. दोन रागांच्या सीमेवरून चालताना गाणारा जितका सावध, तितकाच ऐकणारा लागतो. एक सूर निसटला की आपण कुठल्या रागात आहोत हेच कळत नाही.

अमेरिकेत पॉलीन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) नावाच्या प्रयोगशील संगीतकार होऊन गेल्या. अॅकॉर्डियन वाजवायच्या. १९८८ साली त्या दोन साथीदारांसोबत जमिनीखालच्या एका रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरल्या. तिथं एक सूर विरायला तब्बल ४५ सेकंद लागायचे. म्हणजे आत्ता काही वाजवायचं तर मघाशी वाजवलेलं अजून ऐकू येत असतं, त्याला धरूनच पुढं जायचं! कानावर पडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्या पुढं आयुष्यभर शिकवत राहिल्या. आबांनी तेच एका वाक्यात सांगितलं होतं. असो.

केसरबाई १९२१ पासून खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. त्याच महिन्यात व्हॉयेजर-१ आकाशात झेपावलं, त्यातल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी घेऊन. सूर्यमालेच्या पलीकडं कुणी ऐकेल या आशेवर माणसानं हे गाणं पाठवलं, आणि मी ते बग शोधताना मागं लावून ठेवतो. थोडी लाज वाटली खरी.

रविवारी सकाळी लॅपटॉप मिटला. खुर्ची आबांच्या डाव्या बाजूला घेतली. केसरबाईंची एक जुनी तबकडी मोबाईलवर लावली, जेमतेम तीन मिनिटांची. तीनताल, १६ मात्रा. मी बोटांवर मोजत होतो, आबा गुडघ्यावर. बाई तान घेऊन निघाल्या आणि माझा हिशोब नवव्या-दहाव्या मात्रेलाच चुकला. आबांनी डोळे मिटलेले. बरोबर समेवर हात पडला.

"आली बघ," म्हणाले.

"परत लावू?"

"लाव की."

तीनदा लावली. तिसऱ्यांदा मलाही सापडली. मग आबा आपणहून कानाचं सांगायला लागले, डॉक्टर काय म्हणाला, मशीन किती महाग आहे, घालायला लाज कशी वाटते. मधे मी एकदाही 'हं हं' म्हटलं नाही.

सोमवारी कोडमधला बग तसाच होता. चालायचंच.