शिंपल्याचा रंग

गेल्या डिसेंबरात शाळेची सहल घेऊन आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरलो. पणजीला मांडवी जेथे समुद्राला मिळते, त्या मिरामारच्या वाळूत मुले शिंपले वेचू लागली. आठवीतील एका मुलीने एक शिंपला आणून आमच्या हातावर ठेवला. बाहेरून हिरवट, खडबडीत. आतून मात्र निळा, गुलाबी, मोरपंखी. किंचित कलता केला की रंग बदले.

“सर, हा रंग कशाचा?”

आम्ही मराठीचे एम. ए.; पण मुख्याध्यापकाच्या तोंडून ‘ठाऊक नाही’ हे शब्द सहजासहजी निघत नाहीत. “फुलात असते तसेच रंगद्रव्य, दुसरे काय?” असे आम्ही ठोकून दिले.

दुसऱ्या दिवशी सासष्टीतील एक जुने घर पाहावयास गेलो. खिडक्यांना काचा नव्हत्या. पातळ, चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसविले होते. काच महाग होती त्या काळातील ही तावदाने. बाहेरचे रखरखीत ऊन त्यांतून गाळून दुधासारखे आत येत होते. त्या शांत उजेडात ती मुलगी जवळ आली आणि तिने कागदाची पुडी उघडली. आत पांढुरकी भुकटी होती.

“सर, आतला पापुद्रा खरवडून रात्री दगडाने कुटला. रंग निघालाच नाही.”

आम्ही निरुत्तर झालो.

परतल्यावर विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले, पुस्तके चाळली. शिंपल्याच्या आतील थर म्हणजे चुन्याच्या चकत्यांची उतरंड. एकेक चकती मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी जाड. प्रत्येक थरावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात. काही बळावतात, काही मावळतात. उरतो तो रंग. थर मोडले की उरतो नुसता चुना. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८१४ साली याहून नवलाची गोष्ट नोंदविली: मोत्याच्या शिंपल्याचा ठसा मेणावर उमटविला, तर मेणावरही तसेच रंग खेळतात! शिंपल्यावरील सूक्ष्म रेघा मेणाने उचलल्या होत्या. आपल्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९३५च्या सुमारास बंगळूरला अशा शिंपल्यांचा अभ्यास केला होता. खिडकीतील शिंपलाही चुन्याचाच. केवळ थरांची मांडणी निराळी, म्हणून तो उजेडाला वाट देतो.

सोमवारी प्रार्थनेनंतर आम्ही सर्व मुलांपुढे सांगितले, “मिरामारला मी चुकीचे उत्तर दिले होते. खरे उत्तर हिच्या पुडीत होते.” तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रथमच बोललो. मुले हसली नाहीत. मधल्या सुट्टीत मात्र चौघे-पाचजण नवे प्रश्न घेऊन कचेरीच्या दाराशी उभे होते.

ती पुडी आता आमच्या टेबलाच्या खणात आहे.