हिवरे बाजारचा डोंगर
मैत्रिणींनो, आमच्या दादरजवळच्या नायगावात नळाला पाणी उशिरा आलं की चाळभर ओरडा! सुट्टीत एकदा अहिल्यानगरजवळचं हिवरे बाजार पाहून या. १९७२च्या दुष्काळात होरपळलेलं गाव. डोंगर बोडके, माणसं मजुरीसाठी बाहेर. १९८९ला पोपटराव पवार सरपंच झाले. पुढं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली, श्रमदानानं चर खणले. गवत कापून न्यायचं, गुरं डोंगरावर सोडायची नाहीत. कोवळं रोप दुष्काळात जळतं. जुन्या खुंटाची मुळं जिवंत असली तर मात्र फुटवे येतात. फक्त शेळीचं तोंड लागता कामा नये! आता ऊन वाढलंय, पावसात मोठे खंड पडतात. म्हणून तिथं पाण्याचा ताळेबंद मांडतात, अगदी आपल्या घरखर्चासारखा. पाऊस कमी, की पिकांना कात्री.