भूक लागते, हा तुमचा दोष नाही

मागच्या महिन्यात भोरला जाताना कापूरहोळ फाट्यावर चहाला थांबलो. तिथे माझे एक जुने पेशंट भेटले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवलं होतं. पुढे ते सगळं परत आलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "जिभेवर ताबा नको का?" त्यानंतर ते दवाखान्यात आलेच नाहीत. मधुमेहाच्या गोळ्याही सोडल्या होत्या, हे मला चहा पिताना कळलं.

"डॉक्टर, रात्री दोनला उठून भाकरी शोधायचो. सांगायची लाज वाटायची."

चूक माझी होती. म्हणून आज लेप्टिनविषयी.

लेप्टिन हे आपल्या चरबीच्या पेशींतच तयार होणारं हार्मोन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याचं जनुक शोधलं. कणगीत धान्य किती उरलंय, हा निरोप ते मेंदूला देतं. खाणं एकदम तोडलं की लेप्टिन झपाट्याने उतरतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ आला. मग तो भूक वाढवतो आणि शरीराचा खर्च कमी करतो. माझ्या पेशंटला रात्री उठवणारी भूक हीच होती.

मग ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांना भूक कमी लागायला हवी ना? त्यांच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. याला लेप्टिन रेझिस्टन्स म्हणतात. म्हणूनच नेहमीच्या लठ्ठपणात लेप्टिनची इंजेक्शनं फारशी उपयोगी पडली नाहीत. ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नाही, अशा मोजक्या रुग्णांना मात्र त्यांनी मोठा फायदा झाला.

"मी तर बारीक आहे," असं म्हणून हा लेख सोडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यातल्या आणि लंडनमधल्या नवजात बाळांची तुलना केली. आपली बाळं वजनाने कमी, पण वजनाच्या मानाने त्यांच्या नाळेच्या रक्तात लेप्टिन जास्त! म्हणजे हातपाय बारीक, तरी चरबी आहेच. त्यामुळे काट्याबरोबर कंबरही मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

मग करायचं काय?

• वजन सावकाश उतरवा. महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले.
• भात बंद करू नका. आधी उसळ, भाजी, ताक घ्या, मग थोडा भात.
• सात तास झोपा. जागरणाने लेप्टिन घटू शकतं आणि भूक वाढते.
• रोज चाला. उतरलेलं वजन टिकवायला त्याची मदत होते.
• वजन परत वाढलं तरी औषधं मनाने सोडू नका.

आणि भूक आवरत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यात लाज कसली?

ते पेशंट गेल्या सोमवारी साखर तपासायला आले. वजनाचा विषय मी त्या दिवशी काढला नाही. आधी विचारलं, "झोप कशी लागते?"