फ्लरीची बाटली, तिकोट्याचा बेदाणा

मे महिन्यात आमच्या कोहिनूरला घरात आणि घराबाहेर फारसा फरक उरत नाही. पत्रे तापतात, भिंती तापतात, दुपारी माठातलं पाणीसुद्धा कोमट लागतं. अशा दिवसांत माझा भाचा फ्रान्सहून आजोळी आला. पिशवीतून त्यानं रेड वाइनची एक बाटली काढली आणि म्हणाला, "मामा, ही थोडी गार करावी लागेल."

रेड वाइन खोलीच्या तपमानाला प्यावी असं सांगतात. पण ती खोली कुणाची? जुन्या फ्रेंच घरातली, सोळा-अठरा अंशांची. आमच्या बेचाळीस अंशांत तो नियम काय कामाचा! शिवाय ही बाटली हलक्या जातीची, बारा-तेरा अंशांवरच खुलणारी.

आई रागावली की माहेरच्या कन्नडवर येते. "इदु सेरे अल्लेनु?" तिनं विचारलं. दारूच ना ही? फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं, तिथं ही राहणार नाही. तिचं म्हणणं मला परकं नाही. माझे धाकटे काका सारायीनं गेले. कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायी बंद झाली, पण तोवर आमची चार एकर जमीन गेली होती. आईच्या लेखी बाटली ती बाटली. तिच्यावर फ्रेंच लिहिलंय की आणखी काही, याला महत्त्व नाही. शेवटी भाच्यानं बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्याच्या खिडकीत ठेवली. तेवढ्या गारव्यावर भागलं.

बाटली बोजोले भागातल्या फ्लरी गावची. ल्योंच्या उत्तरेला ग्रॅनाइटच्या टेकड्या आहेत, तिथं गामे नावाचं काळं द्राक्ष होतं. या द्राक्षाची कथा आपल्या सीमाभागाला कळेल अशी आहे. १३९५ साली बरगंडीचा ड्यूक फिलिप यानं फर्मान काढून गामेच्या वेली आपल्या मुलखातून उपटायला लावल्या. उत्पन्न भरपूर, पण दर्जा हलका, असा आरोप होता. हुसकावलेलं द्राक्ष दक्षिणेकडच्या टेकड्यांवर टिकलं आणि तिथं त्याचं नाव झालं.

तिथं घड हातानं तोडतात आणि न चिरडता अख्खेच टाकीत भरतात. भाचा ल्योंला शिकतो. गेल्या सप्टेंबरात या कुटुंबाकडे तोडणीला गेला होता. वरच्या वजनानं तळचे घड फुटतात, रस आंबायला लागतो, टाकीत कार्बन डायऑक्साइड भरतो आणि वरच्या अख्ख्या मण्यांच्या आतच आंबण्याची क्रिया सुरू होते. रंग उतरतो, पण सालीबियांचा तुरटपणा फारसा येत नाही. तुरट वाइन गार केली की जास्तच तुरट लागते. ही लागत नाही. मी पेलाभर घेतली. फालशाच्या सरबताची आठवण झाली.

तसं पाहिलं तर आमचा तालुका बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांचं कल्याण. सोमेश्वर राजानं ११२९च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या क्रीडांमध्ये मदिरापानही आहे. हे मी आईला सांगितलं नाही.

दाजी मात्र पेल्याचा नुसता वास घेऊन थांबले. ते घेत नाहीत. विजापूर भागात तिकोट्याला त्यांची द्राक्षबाग आहे, घरची बोली कन्नड. त्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि लेकाला विचारलं, "एका बाटलीला द्राक्षं किती?"

"किलोभर, फार तर सव्वा किलो."

"आणि माझ्या एक किलो बेदाण्याला चार किलो." मग त्यांनी लेबलावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"त्या कुटुंबाचं आडनाव, अप्पा. आणि खाली गावाचं नाव."

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. तीस वर्षं बाग केली, छाटणी, विरळणी, फवारणी सगळं केलं. तासगावच्या सौद्यात त्यांचा बेदाणा म्हणजे नुसता माल असतो. रंग बघतात, आकार बघतात, भाव लागतो. पुढं तो कुणाच्या खिरीत पडतो, ठाऊक नाही.

भाच्याच्या मनात एक एकर वाइनच्या द्राक्षाचं आहे. दाजींचा थॉम्पसन त्याला चालणार नाही. बारीक मण्याची, जाड सालीची, बियांची जात हवी. दाजी तयार नाहीत. महाराष्ट्रानं २००१ साली वाइनसाठी धोरण आणलं, कर्नाटकानं २००७ साली. आणि २००८-०९च्या मंदीत नाशिककडे माल पडून राहिला, कितीतरी बागा उपटल्या गेल्या. शिवाय वाइनरीला द्राक्षं घातली तरी बाटलीवर नाव वाइनरीचंच लागणार. परवाना, टाक्या, अबकारीचे कागद हे आपल्या एका घराला झेपणारं नाही. मलाही दाजींचं पटतं. फ्लरीतल्या माणसाच्या पाठीशी पिढ्यांची घडी आहे, आणि तिथंसुद्धा बोजोलेची फॅशन ओसरल्यावर वेली उपटल्याच होत्या.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नावच लावायचं तर बेदाण्याला लावा की."

ते दाजींनी मनावर घेतलं आहे. अर्ध्या किलोचे खोके छापायला दिलेत. वर कन्नड, खाली मराठी, मध्ये तिकोटा. नाव दाजींचं घालायचं की माझ्या बहिणीचं, यावर अडलंय. सातबारासारखा तिकडचा उतारा दाजींच्या नावावर आहे. विरळणीला उन्हात बसणारी मात्र माझी बहीण.